एक ठिपका, दोनशे माणसं

भूगोल विभागाच्या नकाशाखोलीत
उत्तरेच्या खिडकीशी माझं टेबल.
एकतीस वर्षं झाली,
दुसऱ्यांच्या प्रबंधांना मी नद्या काढून देतो.

ओमोंडी आला तो बगलेत गुंडाळी घेऊन.
पूर्व आफ्रिकेतला कुठलासा जिल्हा.
नाव तीनदा विचारलं, तीनदा चुकलो.
त्यानं पेन्सिलीनं लिहून दिलं, वर हसला,
'काका, तुमचं इचलकरंजी मला अजून जमत नाही.'

जिल्हा म्हणजे काय,
तर पश्चिमेला सरोवराचा काठ,
पूर्वेला चढत गेलेलं गवत,
मध्ये चार महिन्यांची नदी,
एकच डांबरी रस्ता, तोही अर्ध्यात दमलेला.
आणि शेवटच्या मोजणीची माणसं
एक लाख बारा हजार चारशे सहा.

एक ठिपका, दोनशे माणसं.
म्हणजे पाचशे बासष्ट ठिपके,
श्वास धरून, एकेक.
सहा उरतात. ते सोडायचे, रीतच आहे.
'त्या सहांत मी,' ओमोंडी म्हणाला.

काठाला दाट. बाजाराला दाट.
शाळा, दवाखाना, कापसाची गिरणी, तिथं दाट.
पूर्वेला मात्र ब्लेडनं खरवडायची पाळी.
'इथं नको काका, कोरड्या महिन्यांत ती गुरं घेऊन वर जातात.'
मग वर टाकू?
'वर पावसात कुणी नसतं.'
पेन हवेत.
शाई टोकाशी सुकायला लागली.

मला आमचं आठवलं.
गगनबावड्याच्या अलीकडं डोंगराच्या पाठीवर धनगरवाडा,
घरं नऊ, माणसांपरास म्हशी जास्त.
मोजणीचे मास्तर खालच्या गावात चावडीवरच बसायचे,
बाला बोलावून विचारायचे, 'वर किती रे?'
बा म्हणायचा, 'हाईत की चाळीसभर.'
तेवढ्यावर रकाना भरायचा.
माझ्या आधीची तिघं त्या चाळीसभरात कधीच नव्हती.
एका मोजणीला जन्मली नव्हती,
पुढच्या मोजणीला उरली नव्हती.
मी टिकावा म्हणून धोंडीराम.
मरणानं धोंडा समजून ओलांडून जावं.

हे सांगितलं तर तो म्हणाला,
'आमच्यात वेळेवरून नाव. मी पहाटेचा.
आईला वेळ आठवते, साल नाही आठवत.'

दुपारी डबा उघडला. नाचणीची आंबील,
वर ताकाचं पाणी सुटलेलं.
तो वाकून वास घेत राहिला.
'विंबी,' म्हणाला हळूच,
आणि मग बराच वेळ काहीच नाही.
हे धान्य तिकडून इकडं कुणी आणलं,
कुठल्या गलबतातून, कुणाच्या ओच्यातून,
त्याला कुठल्या तक्त्यात रकाना नाही.
मी झाकणात अर्धी ओतून दिली.

शुक्रवारी नकाशा पुरा झाला.
उत्तर दिशेचा बाण, प्रमाणपट्टी, खाली सूची.
'आईचं घर कुठं रे तुझ्या?'
त्यानं बोट ठेवलं
पूर्वेच्या कोऱ्या गवतात,
जिथनं नदी जात नाही, रस्ता पोचत नाही.
मी सगळ्यात बारकं पेन काढलं
आणि सूचीत नसलेला एक ठिपका
तिथं नुसता टेकवला.
ओमोंडी काही बोलला नाही. खिडकी लावून घेतली त्यानं,
वारा सुटला होता.

सोमवारी सरांनी भिंगातून पाहिलं.
'झोरे, इथं शाई उडाली काय?'
'होय सर. हात हालला.'
'खरवडून टाका.'
'वाळू दे,' म्हटलं, 'मग खरवडतो.'